पहिला प्याला कोणाला

आमच्या भागातल्या मराठी मंडळींच्या गणपतीत माझी ओळख करून देताना लोकांची नेहमी पंचाईत व्हायची. कोणाचा नवरा बँकेत, कोणाची बायको क्लाउडमध्ये, कोणी डॉक्टर. माझ्यापाशी आले की गाडी अडायची. शेवटी एका हुशार बाईंनी तोडगा काढला. नव्यानं आलेल्या एका जोडप्याला त्यांनी सांगितलं, "या ना, हॉलमध्ये दारू वाढतात." जोडपं घाईघाईनं मोदकांच्या रांगेकडे निघून गेलं. मी खुलासा केला नाही, कारण त्यांनी सांगितलं ते जवळजवळ खरंच होतं.

रीडिंग आणि मेडनहेडच्या मध्ये, हमरस्ता सोडून शेतांतून आत गेलं की एक लाकडी हॉल लागतो. ओकचे खांब, गवतानं शाकारलेलं छप्पर, मधोमध शेकोटी आणि दोन्ही बाजूंनी लांब बाकं. जुना दिसतो, पण आहे नवा. रोमन लोक इंग्लंडमधून निघून गेल्यावर आणि नॉर्मन यायच्या आधी जे अँग्लो-सॅक्सन लोक इथे राहत होते, त्यांचे हॉल कसे असत हे दाखवायला तो बांधला आहे. अस्सल असावा म्हणून बांधणाऱ्यांनी एक खिळासुद्धा वापरला नाही. मग फायर ऑफिसर आले आणि दारावर हिरवा चमकणारा 'एक्झिट'चा दिवा लावून गेले. त्या दिव्याखाली उभी राहून मी अर्धं आयुष्य वीरकाव्यं गायले.

हे काम मला मिळालं ते मिरजेमुळे. इंग्रजीत एम.ए. करताना जुन्या इंग्रजीचा एक पेपर मी घेतला होता, तोही बाकीचे पेपर अवघड वाटले म्हणून. इथे आल्यावर एकदा सहज तो हॉल बघायला गेले, तर तिथला माणूस लायर घेऊन रडकुंडीला आलेला. लायर म्हणजे सहा तारांचं, मांडीवर घेऊन वाजवायचं वाद्य. त्याची खुंटी सारखी सरकत होती. मी तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत वाढलेली. पर्समधून खडू काढला (मुलीचा होता), खुंटीला घासला आणि तार लावून दिली. त्या माणसाचं नाव कॉलिन. चामड्याचा अंगरखा घालून, भाला घेऊन तो दारावर उभा राहायचा आणि आलेल्यांना कोण, कुठले, कशाला आलात असं विचारायचा. पुढे इतकी वर्षं आम्ही एकत्र काम केलं, पण खडूची गोष्ट तो प्रत्येक नव्या माणसाला पहिल्यांदाच सांगत असल्यासारखी सांगतो.

माझं काम दुहेरी होतं. एक म्हणजे शाहिराचं. त्या काळी हॉलमध्ये गाणारा कवी असे, तो वीरांच्या कथा तालावर सांगे. या कवितेला यमक नसतं. ओळीचे दोन तुकडे, मध्ये क्षणभर थांबायचं, आणि दोन्ही तुकड्यांना जोडायचं ते जोरात उच्चारल्या जाणाऱ्या सारख्या अक्षरांनी. इंग्लिश लोकांना हे समजावायला मला तासभर लागे. मराठी पाहुणे आले की मी तिथल्या तिथे रचून दाखवायची:

गढीवर गर्जे, गार वारा,
दारात दिवटी, दमून विझते.

त्यांना लगेच कळायचं. शिवाय या कवींना वस्तूचं नाव सरळ घ्यायला आवडत नसे, दोन शब्द जोडून ते आडून सांगत. शाळेची मुलं आली की मी त्यांना हाच खेळ द्यायची. एका मुलीनं मोबाईलला 'खिशातला चुगलखोर' म्हटलं. दुसरीनं इथल्या मोटरवेला 'थांबलेल्यांची नदी' म्हटलं. हे मी पुढे बेधडक माझं म्हणून वापरलं.

दुसरं काम प्याल्याचं. मेजवानीत हॉलची बाई भरलेला प्याला घेऊन आत येते, तेव्हा गाणं थांबतं आणि सगळे उठून उभे राहतात. पहिला प्याला धन्याला. धनी म्हणजे हॉलचा मालक, ज्याच्यासाठी बाकीचे शिलेदार लढतात. मग मानाप्रमाणे एकेकाला. ज्याच्या हातात प्याला येईल त्यानं उभं राहून, सगळ्यांच्या देखत, आपण काय करणार ते बोलायचं. आपल्याकडे विडा उचलतात तोच प्रकार. पोलिसातून निवृत्त झालेले एक गृहस्थ माझ्याशी यावरून हुज्जत घालायचे. त्यांचं म्हणणं, हे वीर फार बढाया मारतात, असली माणसं त्यांनी खूप पाहिली आहेत. मी म्हणायची, बढाई आणि हे यात फरक एवढाच की इथे चार साक्षीदार बसलेले असतात आणि उद्या तेच विचारायला येतात. त्यांना साक्षीदारांचा मुद्दा पटला. धंदाच तो त्यांचा.

या लोकांची सगळी नीती त्या प्याल्याभोवती आहे. धन्यानं हात सैल सोडून द्यावं. हातातली कडी काढून माणसांना देणारा तो चांगला धनी. शिलेदारानं वेळ आली की पाठ दाखवू नये, आणि धन्यानंही माणसांना वाऱ्यावर सोडू नये. काखा वर करून पळालेल्याला पुढे कुठल्याच हॉलमध्ये बाक मिळत नसे. आणि सर्वांत दुःखी माणूस म्हणजे ज्याचा हॉलच उरला नाही तो. थंडीत एकटा भटकतो आणि त्याला स्वप्नात बाकं दिसतात. हे मी सांगायला लागले की परक्या देशात आलेली माणसं बाकावर पुढे सरकून ऐकायला लागतात.

कॉव्हेंट्रीचं एक मराठी कुटुंब आजोबांचा वाढदिवस करायला आलं होतं. इथेच जन्मलेल्या नातवानं प्याला घेऊन सांगितलं, "आजोबा, मी दर संडेला तुम्हाला फोन करणार. मराठीत करणार. पूर्ण मराठीत." दोन-तीन वर्षांनी आजोबा भेटले तेव्हा मी चौकशी केली. म्हणाले, "करतो हो, न चुकता करतो. दोन मिनिटं हवामान सांगतो, मग त्याचं मराठी संपतं. मग मी त्याला भारतातलं हवामान सांगतो." आणि इतके खूश होते की बोलता बोलता चष्मा पुसायला लागले.

पण मला आज सांगायचंय ते मिलिंदचं.

हॉलचं छप्पर शाळांच्या फीवर टिकत नाही. म्हणून आम्ही ऑफिसांचे अवे-डे घ्यायचो. रीडिंगची एखादी टीम यायची, दिवसभर ढाली रंगवायची, संध्याकाळी मेजवानी करून घरी जायची. साहेब धन्याच्या उंच आसनावर बसायचे आणि त्यांना ते फार आवडायचं. मिलिंद अशाच एका टीमचा मॅनेजर. नागपूरचा, चाळिशीतला, बोलायला गोड. हॉस्पिटलांच्या अपॉइंटमेंटची नवी सिस्टिम त्याची टीम बनवत होती. त्यानं फोनवर विचारलं की आईला आणलं तर चालेल का. आई व्हिजिटर व्हिसावर आली होती आणि तिला घरी एकटं ठेवायची सोय राहिली नव्हती. आदल्या आठवड्यात तिनं मिरचीची फोडणी घातल्यावर स्मोक अलार्म असा काही बोंबलला होता की दोन्हीकडचे शेजारी ड्रेसिंग गाउनमध्ये बाहेर आले होते.

त्या दिवशी काकू आल्या. नायलॉनची साडी, पायात स्पोर्ट्स शूज, वर मिलिंदचं जाड जॅकेट. नवरा लवकर गेल्यावर त्यांनी नागपुरात खानावळ चालवून मुलाला शिकवलं होतं. हॉलमध्ये शिरल्या शिरल्या त्यांनी शेकोटीवरचा रश्शाचा हंडा बघितला आणि मला म्हणाल्या, "लाकूड ओलं आहे तुमचं. म्हणून धूर करून राहिलं." खरंच ओलं होतं.

बाकीचे ढाली रंगवत असताना मिलिंदनं मला बाहेर कार पार्कमध्ये गाठलं.

"ताई, एक रिक्वेस्ट आहे. ते प्याला घेऊन प्रॉमिस करायचं असतं ना, ते मला स्किप करता येईल का?"

मी कारण विचारलं नव्हतं, पण त्याला ते सांगायचंच होतं. लंडनच्या एका मोठ्या कंपनीत त्याला नोकरी मिळाली होती. सोमवारी तो राजीनामा देणार होता. सिस्टिम सुरू व्हायला अजून काही महिने होते आणि काम आधीच रखडलेलं. तो गेला की वरची मंडळी ही टीम मोडून चार ठिकाणी वाटून टाकणार, हे त्याला पक्कं माहीत होतं. टीमला काहीच माहीत नव्हतं. आईलासुद्धा त्यानं सांगितलं नव्हतं. आजचा दिवस हा त्याचा टीमला मनातल्या मनात निरोप होता, म्हणून सगळा खर्चही त्यानं मागे लागून मंजूर करून घेतला होता.

"त्यांच्यासमोर उभं राहून खोटं नाही बोलता येणार मला," तो म्हणाला. "आणि खरं सांगून दिवस खराब करायचा नाहीये."

मला त्याचा थोडा राग आला, आणि कीवही आली. पण गिऱ्हाइकाच्या घरात नाक खुपसायचं नाही हा आमच्या धंद्याचा नियम. मी त्याला सांगितलं की काळजी करू नकोस. धन्यानं शपथ घ्यायची नसते, फक्त ऐकायची असते. तू उंच आसनावर बस, पहिला प्याला तुला येईल, तू घोट घे आणि मान डोलावत राहा. त्याचा चेहरा उजळला. त्यानं माझे दोनदा आभार मानले.

संध्याकाळी सगळे बाकांवर बसले. मिलिंद आसनावर. कॉलिननं भाल्याचा दांडा जमिनीवर आपटून नेहमीप्रमाणे नियम सांगितला: ज्याच्या हातात पहिला प्याला जाईल तो शेकोटी विझेपर्यंत या हॉलचा धनी, आणि बाकी सगळे त्याचे शिलेदार. मी दोन कडवी गायले, लायर ठेवली आणि प्याला आणायला आत गेले. लोकांना गाड्या चालवायच्या असत, म्हणून आम्ही त्यात सफरचंदाचा गरम रस मध घालून द्यायचो. दोन्ही हातांत तो लाकडी प्याला धरून मी दारातून आत आले. सगळे उभे राहिले.

दारापासून आसनापर्यंत जाताना वाटेत पहिल्याच बाकावर, दारातून येणाऱ्या वाऱ्यात, काकू होत्या. गुडघ्यांमुळे त्यांना पटकन उठता येत नव्हतं. एक हात टेकून त्या उठायची खटपट करत होत्या आणि थंडीनं त्यांचे ओठ पांढरे पडले होते. वाफाळतं काहीतरी हातात घेऊन मी एका म्हाताऱ्या बाईला ओलांडून तिच्या मुलाला द्यायला निघाले होते. माझे पाय थांबले. मी विचार केला असं म्हणणार नाही. लहानपणापासून पंगतीत वाढलेले हात ते, त्यांनी आपलं काम केलं.

"घ्या काकू, गरम आहे," मी म्हटलं.

काकूंनी प्याला दोन्ही हातांनी घेतला, तीर्थासारखा कपाळाला लावला आणि चांगला मोठा घोट घेतला.

दांडा जमिनीवर आपटल्याचा आवाज झाला. कॉलिन नियमाचा पक्का आहे. त्यानं गंभीर आवाजात जाहीर केलं की हॉलला धनी मिळाला आहे. टीमनं टेबलं बडवली. मी मिलिंदकडे पाहिलं. त्याला दरदरून घाम फुटला होता. मी सारवासारव करायला लागले, हा नुसता पाहुण्यांचा मान होता, हा प्याला धरायचा नाही, वगैरे. तेव्हा गॅरेथ उठला. तो टीममधला सगळ्यात वयस्कर, दाढीवाला वेल्श गडी. सिस्टिम तपासणं आणि त्यातल्या चुका काढणं हे त्याचं काम. तो म्हणाला की नियम चालू खेळात बदलला तर त्याला तो बग म्हणून नोंदवावा लागेल. सगळे हसले आणि मी सारवासारव सोडून दिली.

काय झालं ते मी काकूंना समजावलं. त्यांनी विचारलं, "मग मला काय करा लागते?"

"सगळ्यांचं ऐकायचं. कोण काय करणार ते सांगतील. आणि त्यांनी ते करून दाखवलं तर त्यांना काहीतरी द्यायचं."

"हे तर मी जन्मभर केलं," असं म्हणून काकू गेल्या आणि आसनावर बसल्या. मिलिंदला उठून खाली बाकावर यावं लागलं. जागा उरली होती ती शेवटची, म्हणजे त्याची पाळीही शेवटी.

प्याला फिरायला लागला. मी काकूंना भाषांतर करून सांगत होते. कोणी म्हणालं, रिपोर्टचा भाग वेळेत देईन. कोणी म्हणालं, रडतखडत काम करणं थांबवीन. एका मुलीनं सांगितलं की ती मीटिंगमध्ये बोलेल, नुसती मान हलवणार नाही. काकू प्रत्येकाला "शाबास" म्हणत होत्या, आणि तो शब्द कोणालाच समजावून सांगावा लागत नव्हता. मग गॅरेथ. त्याची निवृत्ती उन्हाळ्यात ठरली होती, बायकोनं कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, लावायला समुद्रकाठची जागासुद्धा बघून ठेवली होती. तो प्याला धरून म्हणाला, "शेवटचं हॉस्पिटल सुरू होईपर्यंत मी जाणार नाही. बायकोला सांगून आलोय." हे सांगताना तो काकूंकडे नाही, मिलिंदकडे बघत होता.

मिलिंदच्या हातात प्याला आला. त्यानं इंग्रजीत सुरुवात केली, "आय प्रॉमिस..." आणि थांबला. शेकोटीतलं ओलं लाकूड सुरसुरत होतं. टीमला वाटलं तो भावुक झालाय. कोणीतरी टाळी वाजवली.

"थांबला काहून, बाबू? बोल ना," काकू म्हणाल्या.

मिलिंद आईकडे वळला आणि मराठीत म्हणाला, "आई, मी सोमवारी राजीनामा देतोय. लंडनला दुसरी नोकरी घेतलीय. यांना माहीत नाहीये."

हॉलमध्ये हे तिघांनाच कळलं. त्याला, आईला आणि मला. मग मिलिंदनं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत काय होतं ते मला चांगलं समजलं. मी भाषांतरकार होते. तो आईला म्हणतोय की तुमचा सर्वांचा त्याला अभिमान आहे, असं काहीतरी मी बोलले असते तर संध्याकाळ निभावली असती. मी लायर उचलली आणि मांडीवर घेऊन बसून राहिले. तुझं तू सांग, असं मला त्यातून म्हणायचं होतं.

काकूंना राग आला नव्हता. त्या खानावळीत हिशेब चुकलेल्या पोराशी बोलाव्यात तशा सावकाश बोलल्या. "हे मला काय सांगून राहिला? मी तर सहा महिन्यांची पाहुणी. त्यांना सांग. अंगात ताप घेऊन मी चुलीपाशी उभी राहायची, तू पाहिलं ना? काहून राहायची? पानं मांडली होती म्हणून. जायचं तर खुशाल जा बाबू, मोठा हो. पण पानं मांडून वाढप्यानं मागच्या दारानं जायचं नाही."

ही सगळी वीरकाव्यं मी कोळून प्यायलेली. धनी, शिलेदार, निष्ठा यांवर मी तासतासभर बोलायची. पण अंगावर काटा आला तो त्या संध्याकाळी, तो शब्द ऐकून. वाढपी. मला तो इतक्या वर्षांत सुचला नव्हता, आणि काम तर मी वाढायचंच करत होते.

मिलिंदनं घसा साफ केला आणि टीमला सगळं सांगितलं. नोकरी, सोमवार, न सांगता जायचं ठरवलं होतं तेही. आई काय म्हणाली तेसुद्धा त्यानंच इंग्रजीत सांगितलं. वाढपी या शब्दापाशी तो अडला, आणि शेवटी म्हणाला की जो वाढतो तो सगळ्यांचं झाल्याशिवाय जात नाही.

मग गॅरेथनं ब्रेडचा तुकडा रश्शात बुडवला आणि म्हणाला, "मला माहीत होतं."

"कसं?" मिलिंदनं विचारलं.

"तू कॉफी मशीनची तक्रार करायचं थांबवलंस. ज्याला राहायचंय तो तक्रार करतो."

म्हणजे हा माणूस आपला धनी निघून जाणार हे माहीत असूनसुद्धा उठून शपथ घेऊन बसला होता. मिलिंदला ते एक क्षण उशिरा कळलं. मग प्याला वर धरून तो आईकडे बघून म्हणाला, आधी मराठीत, मग इंग्रजीत, "शेवटचं हॉस्पिटल सुरू होईपर्यंत मी आहे. लंडनवाले थांबले तर ठीक. नाही थांबले तर नाही."

त्या रात्री जो दंगा झाला तो त्या हॉलनं पूर्वी ऐकला नव्हता. आवाज न काढणाऱ्या त्या मुलीनं टेबल इतकं बडवलं की त्यावर वाळत ठेवलेल्या ढालीवरचा ओला रंग सगळ्यांच्या कपड्यांवर उडाला. काकू म्हणाल्या, "आता जेवा. गार होऊन राहिलं."

लंडनवाले थांबले नाहीत.

मिलिंदनं हे मला फोनवर सांगितलं आणि मी दोन दिवस नीट जेवले नाही. कविता आपल्या जागी ठीक असते. इथे एका माणसाची मोठी नोकरी गेली होती, आणि प्याला मी चुकीच्या हातात दिला होता. कॉलिननं मला समजावलं की प्याला बरोबर हातात गेला होता, चुकीच्या माणसाला आम्ही आसनावर बसवलं होतं. कॉलिन क्वचितच असं काही शहाण्यासारखं बोलतो, म्हणून मी ते लक्षात ठेवलंय.

पुढचा बराच काळ काही कळलं नाही. माझ्या निवृत्तीचा दिवस आला. हॉलच्या ऑफिसनं केक आणला होता, दोन-तीन भाषणं ठरली होती. दुपारी कार पार्कमध्ये गाड्या थांबल्या आणि दारावर कॉलिनचा आवाज चढला. कोण, कुठले, कशाला आलात? उत्तर मराठीत आलं.

"मी इथली धनी आहे. अजून राजीनामा दिला नाही मी."

काकू नव्या व्हिसावर परत आल्या होत्या. मागे मिलिंद, गॅरेथ आणि सगळी टीम. शेवटचं हॉस्पिटल आदल्या आठवड्यात सुरू झालं होतं. काकू सरळ जाऊन आसनावर बसल्या आणि पिशवी उघडली. संत्र्याच्या बर्फीचे डबे आधी निघाले. मग एका जुन्या रुमालात बांधलेली तांब्याची कडी. नागपुरात तांबटाकडे बसून त्यांनी प्रत्येकासाठी एक घडवून घेतलं होतं. करून दाखवलं तर काहीतरी द्यायचं, हे त्यांच्या पक्कं लक्षात होतं.

एकेकाला बोलावून त्यांनी कडं घातलं. गॅरेथचं मनगट त्यांच्या अंदाजाबाहेर होतं, तिथे कडं दोन चमच्यांनी फाकवावं लागलं. तो हात पुढे धरून उभा होता आणि त्याचे डोळे भरून आले होते. मीटिंगमध्ये बोलणाऱ्या मुलीनं कडं घातल्यावर एक छोटं भाषणच केलं. मिलिंदला सगळ्यात शेवटी दिलं. त्याला आता मेडनहेडला नोकरी लागली होती. लंडनइतकी मोठी नाही, पण घरून सायकलनं जाता येतं, आणि या वेळी त्यानं टीमला आधी सांगितलं होतं, आईला नंतर. काकूंनी त्याच्या हातात कडं घातलं आणि त्याच्या पाठीवर एक जोरात थाप मारली. मला वाटतं त्या थापेसाठीच तो वर्षभर थांबला होता.

रुमालात एक कडं उरलं होतं. "कवीला पण देतात ना?" काकूंनी विचारलं. देतात. चांगलं गायलं की धनी शाहिराला कडं देतो, हे मी हजारो मुलांना सांगितलं होतं. मला कोणी दिलं नव्हतं. मी हात पुढे केला.

मग मी सवयीनं प्याला आणायला वळले. काकूंनी मला दंडाला धरून थांबवलं.

"तू बस. आज मी वाढते."

त्या आत गेल्या. गुडघे दुखत होते तरी दोन्ही हातांत प्याला धरून, एक थेंब न सांडता, त्या दारातून आल्या. सगळे उभे राहिले. मी पहिल्याच बाकावर होते. माझ्यापर्यंत येऊन त्या थांबल्या आणि प्याला माझ्या हातात दिला. कॉलिननं दांडा आपटला. नियम मलाही माहीत होता. शेकोटी विझेपर्यंत हॉल माझा होता.

रस गरम होता आणि काकूंनी त्यात आल्याचा तुकडा ठेचून टाकला होता. मी कपाळाला लावून मोठा घोट घेतला. मग प्याला गॅरेथकडे दिला आणि म्हटलं, तू आता मोकळा झालास, बोल, काय करणार आहेस.

गॅरेथनं काकूंकडे बघितलं आणि म्हणाला की तो आणि त्याची बायको हिवाळ्यात नागपूरला येणार आहेत. त्याला त्या शेवटच्या पानापर्यंत वाढणाऱ्या बाईच्या हातचं जेवायचंय, खाली पंगतीत बसून. मी भाषांतर केलं. काकूंनी त्याच्या गुडघ्यांकडे एकदा नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "पाट देईन."